परदेशची मिशन-यात्रा आणि आमचे विद्यार्थी

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे अमेरिकेंतील पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांच्या आवारांत एक ठराविक देखावा दिसतो. पंधरा-सोळा वर्षांचीं मुलेंमुली एकाच रंगाचे सदरे घालून, पाठीवर पिशव्या बांधून उभीं असतात. पाळक प्रार्थना करितात. आया डोळे पुसतात. आणि तीं मुलें मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती, केनिया अशा कोणत्या तरी देशास एक-दोन आठवड्यांकरितां रवाना होतात. तेथें तीं एखादी भिंत बांधतात, एखाद्या शाळेस रंग देतात, लहान मुलांस येशूच्या गोष्टी व गाणीं शिकवितात आणि घरीं परत येऊन मंडळीपुढें आपला वृत्तांत सांगतात. ह्या प्रकारास तिकडे अल्प मुदतीची मिशन-यात्रा म्हणतात. विमानाचा प्रवास जसजसा सोपा होत गेला तसतशी ही चाल वाढत गेली, आणि आज प्रौढ व मुलें मिळून दरवर्षीं लाखों अमेरिकन ख्रिस्ती लोक अशा यात्रेस जातात.

ही चाल चांगली कीं वाईट, आणि आमच्या शाळेंतील मुलामुलींनींहि अशा यात्रेस जावें कीं काय, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या शिक्षकांच्या खोलींत निघाला, आणि चहा निवून गेला तरी तो मिटला नाहीं. मीं त्या वेळीं जें मत दिलें तेंच येथें विस्तारानें मांडीत आहें. मुलांनीं अवश्य जावें, असें माझें मत आहे. परंतु ज्या हेतूनें त्यांस बहुधा पाठविण्यांत येतें त्या हेतूनें जाऊं नये.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें मी प्रथम सांगतों, कारण तें हलकें नाहीं, आणि त्याचा अनुभव मला लहानपणींच आलेला आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असतांना आमच्या खेड्यांत परदेशांतून तरुण मुलामुलींची एक तुकडी आली होती. पाहुणे येणार म्हणून आमच्या लोकांनीं आठ दिवस आधीं उपासनामंदिरास चुना लाविला होता. पाहुणे आले, आणि त्यांनीं त्याच भिंतींस निळा रंग दिला. कारण रंगाचे डबे शहरांतून अगोदरच विकत आणिले होते, आणि काय रंगवावयाचें हें घरून निघण्यापूर्वींच ठरलेलें होतें. आमच्या वडील माणसांनीं एक शब्दहि काढिला नाहीं. पाहुण्याचा हिरमोड करूं नये, ही आमच्याकडची रीत. नव्या चुन्यावर चढविलेला तो रंग पहिल्याच पावसाळ्यांत पोपडे धरून गळाला, आणि दिवाळीनंतर लोकांनीं भिंती खरवडून पुन्हां चुना दिला. त्या दुसऱ्या चुन्याची वर्गणीहि अर्थातच आमच्याच लोकांनीं भरली.

आमच्या गांवांत जें चुन्याच्या एका बादलीपुरतें घडलें तें अन्यत्र फार मोठ्या प्रमाणावर घडलेलें आहे. इ. स. १९९८ मध्यें मिच नांवाच्या चक्रीवादळानें मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशाची धूळधाण केली, तेव्हां उत्तर अमेरिकेंतून अशा यात्रेकरूंच्या तुकड्या घरें बांधून देण्यास तेथें गेल्या. कर्ट व्हर बीक नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें त्या कामाची पाहणी करून ती इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध केली. प्रवासाचा खर्च धरून पाहुण्यांस एक घर सुमारे तीस हजार डॉलरांस पडत होतें. आणि तेथल्याच ख्रिस्ती संस्था तसलें घर सुमारे दोन हजार डॉलरांत बांधीत होत्या. एका घराच्या पैशांत पंधरा कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आलें असतें! घर परक्यांनीं बांधलें कीं देशबांधवांनीं, यामुळें राहणाऱ्यांच्या आयुष्यांत कांहीं फरक पडल्याचेंहि त्यास आढळलें नाहीं. ‘पण जाणारांचीं मनें तर पालटतात ना?’ असें कोणी म्हणेल. तेथेंहि त्या पाहणीचें उत्तर खेदजनक आहे: आपण किती बदललों हें यात्रेकरू जितक्या उत्साहानें सांगत होते, तितका बदल त्यांच्या दानधर्मांत उतरलेला दिसला नाहीं.

हैतीचें उदाहरण याहूनहि वाईट. इ. स. २०१० च्या जानेवारींत तेथें भयंकर भूकंप झाला. थोड्याच दिवसांत अमेरिकेंतील दहा ख्रिस्ती स्वयंसेवक तेहतीस मुलांस अनाथ समजून सरहद्दीपलीकडे नेत असतां पकडले गेले. कागदपत्रें नव्हतीं, आणि पुढें चौकशींत दिसून आलें कीं, त्यांतील बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते. त्या दहांपैकीं कोणीहि दुष्ट होता असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्याची भाषा येत नाहीं, ज्याच्या घरचा उंबरठा ओलांडलेला नाहीं, त्याचें भलें कशांत आहे हें मला त्याच्यापेक्षां अधिक समजतें, अशी खात्री एकदां मनांत बसली म्हणजे सज्जनाच्या हातूनहि काय घडेल याचा नेम नाहीं. इव्हान इलिच या विद्वान धर्मगुरूनें इ. स. १९६८ मध्येंच मेक्सिकोंत अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सभेपुढें हें कठोर शब्दांत सांगून टाकिलें होतें. प्रवासी म्हणून या, विद्यार्थी म्हणून या, पण उपकारकर्ते होऊन येऊं नका, असा त्याच्या भाषणाचा आशय होता.

हें सारें मला मान्य आहे. असें असतांहि मुलांनीं जावें असें मी कां म्हणतों? याचें उत्तर आमच्या गांवच्या त्याच तुकडींत सांपडतें.

त्या तुकडींत सोळा वर्षांची एक मुलगी होती. पहिल्याच दिवशीं तिचा पाय मुरगळला, म्हणून तिला शिडीवर चढतां येईना. बाकीचे रंग देत असतां ती आमच्या ओट्यावर माझ्या आजीजवळ बसून राही. दोघींची भाषा निराळी. बोलणार काय? दुसऱ्या दिवशीं आजीनें परात पुढें ओढली आणि तिला बाजरीची भाकरी थापावयास बसविलें. तिची भाकरी परातींतच तुटे. उचलून तव्यावर टाकावी तों तिचे तीन तुकडे होत. आजी मनमुराद हंसे, तिचीं मनगटें धरून पुन्हां थापावयास लावी, आणि ‘अगं पोरी, पाणी कमी कर, पाणी कमी’ असें मराठींतच बजावी. ती मुलगी करपलेले तुकडे ठेच्याशीं खाऊन डोळ्यांतून पाणी काढी, आणि तरीहि परात सोडीत नसे. चवथ्या दिवशीं तिची एक भाकरी फुगली. तेव्हां ‘आजी, झालं!’ असे दोन शब्द ती मोठ्यानें ओरडली, ते मला आजहि ऐकूं येतात.

माझ्या आजीनें आयुष्यांत पुष्कळ मडमा पाहिल्या होत्या. त्यांनीं तिला अक्षरें शिकविलीं, गीतें शिकविलीं, टांके घालावयास शिकविलें. त्यांचें नांव ती आदरानें घेई. परंतु त्या नेहमीं शिकविणाऱ्या आणि ही नेहमीं शिकणारी. परदेशांतून आलेल्या कोणाला तरी आपण कांहीं शिकवूं शकतों, हें तिला त्या चार दिवसांत प्रथमच कळलें. भिंतीवरचा रंग गेला; पण आजी जिवंत असेपर्यंत वर्षांतून दोन वेळां तरी विचारी, ‘माझी ती पोरगी आतां भाकरी नीट थापीत असंल का रं?’

त्या तुकडीचें गांवांत झालेलें खरें काम तेवढेंच, असें मला वाटतें. आणि तें घडलें तें त्या मुलीचा पाय मुरगळल्यामुळें! ती शिडीवर चढूं शकली असती तर तीहि रंगच देत राहिली असती.

आतां किशोरवयच कां, हें पाहूं. प्रौढ मनुष्य परदेशीं सेवेस जातो तो आपली विद्या घेऊन जातो. डॉक्टरानें शस्त्रक्रिया करावी, स्थापत्यकारानें पूल बांधावा. त्यांचें काम तेंच आहे, आणि जेथें गरज असेल तेथें त्यांनीं जावेंहि. परंतु पंधरा वर्षांच्या मुलापाशीं देण्यासारखें काय आहे? त्यास धड वीट रचतां येत नाहीं. उपदेश करावा तर अनुभव नाहीं. पैसा तर बापाचा. जेथें जाईल तेथें दुसऱ्यानेंच त्याला जेवूं घालावें, वाट दाखवावी, चुकलें तर कान धरावा. लोक यास त्याची उणीव समजतात व ती झांकण्याकरितां त्याच्या हातीं रंगाचा ब्रश देतात. मी तर ही उणीव हीच त्याची पात्रता समजतों. रिकाम्या हातानें परक्याच्या दारीं उभें राहून त्याचें अन्न खाणें व त्याची भाषा शिकणें हें काम प्रौढास फार जड जातें; मुलास तें सहज साधतें. प्रभूनें आपल्या शिष्यांस धाडिलें तेव्हां झोळी, पैसा वा दुसरा अंगरखा बरोबर न घेतां जावें व जें घर आंत घेईल त्या घरीं राहावें, अशी आज्ञा केली, ती काय उगाच?

पवित्र शास्त्रांतहि समुद्रापलीकडील मिशन-यात्रेस गेलेल्या एका तरुणाची हकीकत आहे, आणि ती शोभिवंत नाहीं, म्हणूनच मला प्रिय आहे. पौल व बर्णबा हे कुप्र बेटास गलबतानें गेले तेव्हां योहान मार्क त्यांच्या हाताखालीं मदतनीस म्हणून होता. पुढें पंफुल्यांत पोहोंचतांच तो त्यांस सोडून यरुशलेमास परतला. कां परतला हें लिहिलेलें नाहीं. घरची आठवण झाली असेल, कीं डोंगराळ रस्त्याचें भय वाटलें असेल. सहलीच्या दुसऱ्याच रात्रीं वसतिगृहाची आठवण काढून रडणारे कांहीं वीर आमच्याहि वर्गांत आहेत. त्याला पुन्हां न्यावें कीं नाहीं यावरून पौल आणि बर्णबा यांच्यांत इतका कडाका झाला कीं, दोघे दोन दिशांस गेले. पण शेवटीं बंदिवासांतून पत्र लिहितांना म्हाताऱ्या पौलानें ज्याला घेऊन येण्यास सांगितलें तो मार्कच. पहिली यात्रा फसली म्हणून मनुष्य फसला असें होत नाहीं. फसलेली यात्रासुद्धां लहान वयांत झाली तर पुढें सुधारावयास आयुष्य उरतें.

ज्या मिशनमुळें आमच्या जिल्ह्यांत शाळा निघाल्या त्याचा उगमहि तरुणांच्या अशाच एका धडपडींत आहे. इ. स. १८०६ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील विल्यम्स कॉलेजचे पांच विद्यार्थी शेतांत प्रार्थनेस जमले असतां वादळ आलें, आणि त्यांनीं गवताच्या गंजीच्या आडोशास बसून परदेशीं जाण्याचा विचार केला. त्यांतून इ. स. १८१० मध्यें अमेरिकन बोर्ड स्थापन झालें, आणि त्याच कॉलेजांत शिकलेला गॉर्डन हॉल व त्याचा सोबती सॅम्युएल नॉट हे इ. स. १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा हा आरंभ. अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, तें मिशन इ. स. १८३१ मध्यें आलें. हें आमच्या मुलांस पाठ आहे. परंतु त्याच पहिल्या तुकडींत हॅरिएट न्यूएल नांवाची एक मुलगी होती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

इ. स. १८१२ च्या फेब्रुवारींत ती नवऱ्याबरोबर गलबतावर चढली तेव्हां अठरा वर्षांची होती. कलकत्त्यास पोहोंचतांच ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. तेथून तीं मॉरिशस बेटाकडे निघालीं. वाटेंत भर समुद्रावर ती बाळंत झाली, मूल गेलें, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं पोर्ट लुई येथें क्षयानें तिचेंहि देहावसान झालें. वय वर्षें एकोणीस. तिनें एकहि शाळा उघडली नाहीं कीं एकहि प्रवचन केलें नाहीं. आपल्या मुलीस असल्या संकटांत लोटावें असें आज कोणी म्हणणार नाहीं, आणि मीहि म्हणत नाहीं. मला दाखवावयाची आहे ती पुढची साखळी. तिचा शोकाकुल नवरा सॅम्युएल न्यूएल सिलोनास गेला, तेथें कांहीं महिने राहिला, आणि उत्तरेकडील जाफना हें ठिकाण मिशनकार्यास योग्य आहे असें त्यानें बोर्डास कळविलें. मग तो मुंबईस येऊन हॉल व नॉट यांस मिळाला व पुढें इ. स. १८२१ मध्यें पटकीनें वारला. त्याच्या शिफारशीवरून इ. स. १८१६ मध्यें जाफन्यास मिशन सुरू झालें. म्हणजे आमची मंडळी व जाफन्याची मंडळी ह्या एकाच बोर्डाच्या लेकी; सख्ख्या बहिणीच म्हणाना!

ह्या जाफन्यास इ. स. १९०२ मध्यें वेदनायगम् सॅम्युएल अझरिया नांवाचा अठ्ठावीस वर्षांचा तमिळ गृहस्थ थोड्या दिवसांकरितां गेला. तेथें त्यास दिसून आलें कीं, जाफन्याचे ख्रिस्ती लोक आपल्या पदरच्या पैशांतून हिंदुस्थानांत सेवक पाठवितात. हिंदुस्थानची मंडळी केवढी मोठी, आणि तिनें आजवर काय केलें, ह्या विचारानें तो लाजला. परत आल्यावर इ. स. १९०३ मध्यें तिरुनेलवेलीस त्यानें इंडियन मिशनरी सोसायटी उभी केली, आणि इ. स. १९०५ च्या नाताळांत श्रीरामपूर येथें नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तींतहि तो अग्रभागीं होता. जाफन्यास त्यानें भिंत बांधली नाहीं. तो तेथून लाज घेऊन आला, आणि ती लाज एका देशास पुरली. पुढें हेच अझरिया दोर्नाकलचे बिशप झाले. इ. स. १९१० मध्यें एडिंबरोच्या जागतिक परिषदेंत त्यांनीं पाश्चात्य मिशनऱ्यांस तोंडावर सांगितलें कीं, तुमचा त्याग आम्हांस मान्य आहे, पण आम्हांस हवी आहे ती मैत्री. आमच्या आजीनें हेंच परातीवर बसून सांगितलें असतें.

आयडा स्कडर यांचें चरित्रहि ह्याच जातीचें. जन्म हिंदुस्थानांतला, आजोबा व वडील मिशनरी. पण आपण मिशनरी व्हावयाचें नाहीं असा ह्या मुलीचा पक्का निश्चय होता. आई आजारी म्हणून थोडे दिवस मदत करावयास ती इ. स. १८९० मध्यें अमेरिकेंतून तिंडिवनम् येथें आली, परत जाण्याच्याच बेतानें. त्या मुक्कामांत एका रात्रीं तीन निरनिराळ्या घरचे पुरुष एकामागून एक दारीं आले. तिघांच्याहि बायका अडलेल्या. तिचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाचा हात बायकोस लागूं देण्यास तिघेहि तयार नव्हते. त्यांस ती मुलगी हवी होती, आणि तिला तर कांहींच येत नव्हतें. सकाळीं कळलें कीं, तिन्ही बायका गेल्या. मी मघां ज्या रिकाम्या हातांची गोष्ट केली ते हे हात. त्या रात्रीं तिनें कोणालाहि मदत केली नाहीं, करूं शकली नाहीं. अमेरिकेस जाऊन ती वैद्यक शिकली, इ. स. १९०० मध्यें वेल्लोरास परत आली, आणि इ. स. १९१८ मध्यें तेथें मुलींकरितां वैद्यकशाळा काढिली. आज आमच्या गांवचा रोगीसुद्धां इलाज खुंटला म्हणजे वेल्लोरचें नांव काढतो. कोल्हापुरांत जन्मलेला रॉबर्ट वाइल्डर याचीहि हकीकत सांगण्यासारखी आहे. इ. स. १८८६ च्या उन्हाळ्यांत माउंट हर्मन येथील मेळाव्यांत शंभर विद्यार्थी परदेशसेवेस तयार झाले ते मुख्यतः त्याच्या खटपटीनें. पण जागा थोडी आहे.

आमच्या पालकांचा आक्षेप निराळा असतो. परवां एक पालक मला म्हणाले, ‘सर, सेवाच करावयाची तर गांवांत काय कमी आहे? समुद्र ओलांडावयाचें काय कारण?’ आक्षेप खरा आहे, आणि जो मुलगा घरच्या म्हाताऱ्यास पाण्याचा तांब्या देत नाहीं त्यानें परदेशीं जाऊन सेवेच्या गोष्टी बोलूं नयेत, इतकें मी एका पायावर कबूल करितों. पण गांवांत आपण कोण आहों हें सर्वांस ठाऊक असतें. कोणाचा मुलगा, कोणत्या आळीचा, कोणाच्या ओट्यावर बसावें, कोणासमोर मान खालीं घालावी, हें सारें लहानपणींच अंगवळणीं पडलेलें असतें. कोणाच्या मनांत त्याचा ताठा असतो, कोणाच्या मनांत दबलेपणा. परदेशीं हें सर्व ओळखपत्र एका क्षणांत निरुपयोगी होतें. तेथें तो केवळ पाहुणा.

दुसरेंहि एक कारण आहे, आणि तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. आमच्या ख्रिस्ती मुलांस केव्हां तरी, रस्त्यावर म्हणा, वर्गांत म्हणा, ‘तुमचा धर्म साहेबाचा’ हें वाक्य ऐकावेंच लागतें. मुलें त्यावर भांडतात किंवा गप्प बसतात, दोन्ही व्यर्थ. ज्या मुलानें ताडाच्या सावलींत बसून जाफन्याच्या म्हाताऱ्या बायकांस तमिळांत स्तोत्रें गातांना ऐकिलें, त्यांच्या घरीं बसून केळीच्या पानावर भात खाल्ला, त्याला उत्तर शोधावें लागणार नाहीं. ख्रिस्ती मंडळी किती मोठी आहे व तिच्यांत साहेब किती थोडे आहेत, हें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असेल.

कायद्याविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. आपल्या देशांत पर्यटनाच्या व्हिसावर आलेल्या परकीयास धर्मप्रचार करतां येत नाहीं. त्याकरितां निराळा व्हिसा लागतो. नेपाळांत जाण्यास भारतीयांस व्हिसा लागत नाहीं, म्हणून तिकडे जाणें सोपें वाटतें, परंतु इ. स. २०१७ च्या तेथील फौजदारी संहितेप्रमाणें दुसऱ्याचें धर्मांतर करविणें हा गुन्हा आहे. हे कायदे आपणांस आवडोत वा न आवडोत, पाहुण्यानें ते चोरून मोडणें हें मला सुवार्तेस शोभणारें वाटत नाहीं. इ. स. २०१८ च्या नोव्हेंबरांत एक सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण बंदी मोडून अंदमानांतील उत्तर सेंटिनल बेटावर गेला आणि तेथील लोकांच्या हातून मारला गेला. त्याच्या धैर्याविषयीं मी कांहीं बोलत नाहीं. परंतु बाहेरच्या साध्या रोगानेंहि ते मूठभर लोक नष्ट होऊं शकतात, हें जगजाहीर असतां तो गेला. आणि त्यांनीं त्यास बोलाविलें नव्हतें. ज्यानें बोलाविलें नाहीं त्याच्या घरीं जाऊं नये, हा नियम लहान मुलासहि कळतो.

म्हणून माझी सूचना जाफन्याची आहे. तेथील मंडळी आतां दक्षिण भारत मंडळीच्या जाफना धर्मप्रांतांत आहे, आणि आमच्याकडील बहुतेक जुन्या मंडळ्या इ. स. १९७० पासून उत्तर भारत मंडळींत आहेत. पत्रव्यवहार करण्यास परकेपणा नाहीं. त्यांनीं ‘या’ म्हटलें तर जावें, नाहीं तर जाऊं नये. जाफन्यानें इ. स. १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध सोसलें आहे. त्याहिपूर्वीं, इ. स. १९८१ मध्यें, तेथील सार्वजनिक ग्रंथालय सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथांसह जाळण्यांत आलें. तें आतां पुन्हां बांधलेलें आहे. आमच्या मुलांनीं तें पाहावें. वड्डुक्कोट्टै येथील इ. स. १८२३ चें विद्यालय जेथें होतें ती जागा व उडुविल येथील इ. स. १८२४ ची मुलींची शाळा पाहावी. तेथील मुलांबरोबर वर्गांत बसावें. ताडाच्या पानांची टोपली विणावयास शिकावें आणि ती वेडीवांकडी झाली म्हणजे हंसूं सोसावें. यजमान सांगतील तर अंगण झाडावें. न सांगतील तर झाडूं नये. नागपट्टणमाहून कांकेसंतुरै येथें जाणारी बोट इ. स. २०२३ मध्यें पुन्हां सुरू करण्यांत आली, तेव्हां आगगाडी व बोट यांनीं जाण्याचा विचार करतां येईल; आणि खरोखर, ज्या मंडळीच्या पूर्वजांनीं महिनेच्या महिने गलबतावर काढिले तिच्या मुलांस समुद्राचे कांहीं तास तरी घडावेत!

खर्चाविषयीं माझा आग्रह असा कीं, दुसऱ्यांच्या दारिद्र्याचीं चित्रें दाखवून वर्गणी जमवूं नये. मुलांनीं वर्षभर रद्दी विकून, नाताळचीं शुभेच्छापत्रें करून, सुटींत कामें करून निम्मा पैसा उभा करावा. उरलेला पालकांनीं द्यावा. आणि ज्याच्या पालकांस देववत नाहीं त्याचा भार सर्वांनीं मिळून उचलावा, पण तो कोणाचा उचलला हें कोठें लिहूं नये. फोटो काढणारा मोबाइल शिक्षकांपाशीं राहावा. अनाथ मुलांस कडेवर घेऊन काढलेले फोटो पाहून मला तर किळस येते. आपल्या धाकट्या भावाचा असा फोटो परक्यानें काढलेला आपणांस खपेल काय?

दहावीच्या वर्गास हें जमणार नाहीं, हें मी जाणतों. आठवी व नववीच्या मुलामुलींनीं विचार करावा. दोन शिक्षिका बरोबर येण्यास राजी आहेत. ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं आईबापांची लेखी संमति घेऊन दिवाळीच्या सुटीपूर्वीं माझ्याकडे नांव द्यावें. तमिळ मुळाक्षरांची एक पुस्तिका मीं आणून ठेविली आहे. तिचीं पहिलीं बारा अक्षरें मला येऊं लागलीं आहेत. तेराव्याशीं अजून झगडा चालू आहे.